‘तू दुसरा विषय घे नं’ म्हणणाऱ्या सरांना काय सांगायचं?

या आठवड्यात एकच पत्र घेतेय. मुलीनं नाव छापू नका म्हटलंय म्हणून नाव नाही, पत्रही थोडं कमी केलंय.

“ताई, मी सोळा वर्षांची आहे, अकरावी सायन्स. आम्ही नागपूरचेच, पणजोबांपासून इथंच, अब्बूंचं गॅरेज आहे. मी पहिलीपासून मराठी मीडियम. कडबी चौकातून मेट्रोनं कॉलेजला जाते आणि सीताबर्डीला गाडी बदलायच्या आधी डोक्यावरची ओढणी काढून बॅगेत टाकते. कुणी सांगितलं नाही, मीच करते. मॅचच्या दुसऱ्या दिवशी एक मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, काय गं, तुमची टीम हरली नं? मार्च २०२५ मध्ये इथल्या महाल भागात दंगल झाली तेव्हापासून ट्यूशनच्या ग्रुपवर काही ना काही येतच असते. माझ्या डब्याला कोणी हात लावत नाही, मटण असेल म्हणतात, त्या दिवशी तर कोथिंबिरीची सांबारवडी होती. हे सगळं मी सहन केलं. पण शिवजयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेला नाव द्यायला गेली तर सर म्हणाले, अगं तू काहून, तू दुसरा विषय घे नं, ईदवर बोल, छान वाटेल. पोरं हसली. माझी बेस्ट फ्रेंड खाली बघत होती. अम्मी म्हणते, चुप रह के दो साल निकाल ले. भाऊ म्हणतो कॉलेज बदल, अपनेवाले कॉलेज में जा. ताई, मला आता कळत नाही मी कोण म्हणून उभी राहू.”

बेटा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनही वेळा त्या मेट्रोतच अडकली. म्हणजे बघ, कस्तुरचंद पार्क गेलं, झिरो माइल गेलं, आता सीताबर्डी येणार, आणि एक सोळा वर्षांची पोरगी मान खाली करून पिन काढतेय, ओढणीची घडी करतेय, फिजिक्सच्या वहीखाली दाबतेय, आणि संध्याकाळी घरी जाताना तेच सगळं उलटं. कुणी सांगितलं नाही असं तू लिहिलंस. खरंय, एका माणसानं येऊन सांगितलं नसेल. पण त्या मॅचवाल्यानं सांगितलं, ग्रुपवरच्या स्टिकरनं सांगितलं, डब्याकडे बघून नाक मुरडणाऱ्यांनी सांगितलं, सगळ्यांनी थोडं थोडं सांगितलं आणि तू शहाणी पोरगी म्हणून सगळं ऐकलंस.

ओढणी घे की नको घे, हे मी तुला सांगणार नाही. ते तुझं आहे, तुझं आणि तुझ्या अल्लाचं, त्यात मी कोण आणि सर तरी कोण. मला फक्त एवढं विचारायचंय की तू ती काढतेस ते मनानं काढतेस की भीतीनं. मनानं असेल तर उद्यापासून घरूनच काढून निघ, अम्मीला नीट सांग, लपवाछपवी नको. भीतीनं असेल तर मग आपण त्या भीतीबद्दल बोलू. कॉलेजच्या युनिफॉर्मच्या नियमात डोकं झाकण्याबद्दल काय लिहिलंय ते ऑफिसमधून लेखी माग, कारण पुष्कळदा नियम काहीच नसतो आणि पोरी नुसत्या अंदाजानंच घाबरून राहिलेल्या असतात. कोर्टातही हा विषय संपलेला नाही बरं का. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी कर्नाटकच्या हिजाबबंदीच्या केसमध्ये दोन वेगवेगळे निकाल दिले आणि प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे गेलं, आणि मुंबईच्या एका कॉलेजनं हिजाब-टोपीवर बंदी घालणारं सर्क्युलर काढलं होतं त्याला ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली. म्हणजे “बंदीच आहे” असं कुणी तोंडी ठणकावून सांगत असेल तर लगेच खरं मानू नको.

आता भाषण. पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच, आणि तुलाही हेच लागलंय, नाहीतर डबा, मॅच, ग्रुप एवढं गिळून तू या गोष्टीवर पत्र लिहिलं नसतंस.

सर वाईट मनानं बोलले असतील असं मला वाटत नाही, कदाचित त्यांना खरंच वाटलं असेल की आपण पोरीला कौतुकानं तिच्या घरचा विषय देऊन राहिलो. पण ते काय बोलले ते बघ. त्यांनी तुला सांगितलं की महाराज आमचे, ईद तुझी. एका वाक्यात तुझे दोन वाटे केले आणि एक काढून घेतला. तू पहिलीपासून मराठी शाळेत शिकलीस, चौथीत इतिहासाच्या पुस्तकात तूही तेच अफजलखानाचं प्रकरण, तीच आग्र्याहून सुटका डोळे मोठे करून वाचली असशील, किल्ला तूही केला असशील दिवाळीत शेजारच्या पोरांसोबत. मग ते तुझं कधी नव्हतं?

मी तर म्हणते भाषण तूच कर आणि असं कर की सभागृहात पिन पडली तरी ऐकू यावी. विषय तुझ्याजवळ भरपूर आहे. बखरीत सांगितलंय की मालोजीराजांना मूल होत नव्हतं, अहमदनगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला, मुलं झाली आणि पीराच्या नावावरून एकाचं नाव शहाजी ठेवलं, दुसऱ्याचं शरीफजी. म्हणजे महाराजांच्या वडिलांचं नाव एका पीराच्या नावावरून आलंय. केळशीच्या याकूतबाबांना महाराज मानायचे. पायदळाचा सरनोबत नूरबेग होता, आरमारात दौलतखान होता. आणि तो खाफीखान, मुघलांचा इतिहास लिहिणारा, महाराजांना शिव्याच देतो जागोजागी, तोसुद्धा लिहून गेलाय की शिवाजीनं आपल्या माणसांना सक्त ताकीद दिली होती, मशिदीला, कुराणाला, कुणाच्या बायकामुलींना हात लावायचा नाही, लुटीत कुराणाची प्रत हाती आली तर आदरानं ठेवायची आणि आपल्याकडच्या मुसलमान माणसाला द्यायची. शत्रूनं लिहिलेलं आहे हे. यापेक्षा वरचं सर्टिफिकेट कोणतं असतं मला माहीत नाही.

पण थांब, इथंच एक गोष्ट नीट समजून घे, कारण इथं माझ्या ओळखीची पुष्कळ चांगली पोरं फसली. हे सगळं तुझ्या भाषणासाठी आहे, तुझ्या सफाईसाठी नाही. स्टेजवर नूरबेगाचं नाव घे, जरूर घे, कारण तो इतिहास आहे आणि महाराज केवढे मोठे होते ते त्यातून कळतं. पण तो मॅचवाला मुलगा उद्या “तुमचे लोक” म्हणून सुरू झाला की लगेच खिशातून नूरबेग, दौलतखान, अब्दुल कलाम काढून दाखवायला जाऊ नको. रोज सकाळी कॉलेजच्या गेटवर दुसऱ्या कुणाला देशप्रेमाचा कागद दाखवावा लागत नाही, तुलाही लागत नाही. तुझ्या वर्गातल्या बाकीच्या पोरांचे पणजोबा कोण होते हे कुणी विचारतं का? मग तू काहून सांगत बसायचं? तू अकरावीतली मुलगी आहेस, तुझ्यावर अख्ख्या समाजाची वकिली करायची ड्युटी कुणी लावलेली नाही. कुठं काही झालं की सगळ्यांनी तुझ्याकडे वळून बघायचं आणि तू निषेध करून दाखवायचा, असं नाही चालणार.

“मी कोण म्हणून उभी राहू” हा तुझा प्रश्न मला रात्री झोपू देईना. मी नागपूरचीच आहे, महालातली, आणि मला आधी आपलं गावच आठवलं. हे शहर बसवलं कुणी, तर देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, १७०२ च्या सुमारास, बारा वाड्या एकत्र करून. हा राजा गोंड होता आणि त्यानं औरंगजेबाच्या दरबारात इस्लाम स्वीकारलेला होता, आणि तरी त्याचं गोंडपण सुटलं नाही. मग भोसले आले. आणि ज्या ताजुद्दीन बाबांच्या ताजबागेत आज हिंदू-मुसलमान सगळेच चादर घेऊन जातात, ते बाबा कामठीत जन्मलेले, १८६१ चे, लोक वेडा समजायचे त्यांना, पागलखान्यात ठेवलं होतं. तिथून त्यांना बाहेर काढून सक्करदऱ्याच्या आपल्या राजवाड्यात कुणी नेलं? राजे रघुजीराव भोसल्यांनी. १९२५ मध्ये बाबा गेले तोपर्यंत भोसल्यांनी त्यांची सेवा केली. माझी आजी, नऊवारी नेसणारी, एकादशी करणारी बाई, दर उर्सला ताजबागेत जायची आणि येताना आमच्यासाठी रेवड्या आणायची, तिला कधी प्रश्न पडला नाही की मी कोण म्हणून जाऊ. तर तू नागपूरची मुलगी म्हणून उभी राहा. मराठी आहेस, मुसलमान आहेस, गॅरेजवाल्याची लेक आहेस, फिजिक्स जमतं की नाही ते तू लिहिलं नाहीस. यातलं काहीही बाहेर ठेवून आत यायची गरज नाही.

कुणी “तुझं मराठी किती छान गं, मुसलमान असून” म्हटलं तर हसून सोडायचं का? मूड असेल तर सोड, नसेल तर सांग की सर, श्रीगोंद्याचे शेख महंमद चारशे वर्षांपूर्वी मराठीत अभंग लिहित होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी शाहीर अमर शेखांच्या आवाजानं मैदानं भरायची, माझं मराठी त्यांच्या घरचंच आहे. पण एकदाच सांग. परत परत नाही.

आता जे करायचं ते.

स्पर्धेचा अर्ज लेखी दे. तोंडी नाही, लेखी. कोऱ्या कागदावर प्राचार्यांच्या नावानं, की मी अमुक, अकरावी सायन्स, तुकडी अमुक, शिवजयंतीनिमित्तच्या वक्तृत्व स्पर्धेत भाग घेऊ इच्छिते, विषय छत्रपती शिवाजी महाराज. बस. सरांची तक्रार यात लिहू नको, “मला मुसलमान म्हणून नाकारलं” हे यात आत्ता नको. आधी सरांना सुधारायची एक संधी देऊ. दोन झेरॉक्स काढ, एकीवर ऑफिसचा शिक्का आणि तारीख घे. मग सरांकडे जा, एकटी नको, आणि शांतपणे म्हण, “सर, मी नाव दिलंय, तयारीही सुरू केलीय, तुम्ही एकदा माझं भाषण ऐकाल का?” मी बावीस वर्षं शिकवलंय बेटा, शिक्षकाला विद्यार्थ्यानं “ऐकाल का” म्हटलं की दहातले सात विरघळतात. ते विरघळले तर चांगलंच, ते तुझ्याकडून काहीतरी शिकतील.

नाहीच विरघळले, पुन्हा दुसरा विषय घे म्हटलं, तर मग दुसरा कागद. त्यात ते काय बोलले, कोणत्या तारखेला, कोणासमोर, जसंच्या तसं. रागाचे शब्द नको, “ते जातीयवादी आहेत” असं नको, फक्त ते जे बोलले तेच, कारण ते वाचूनच वाचणाऱ्याला कळेल. प्राचार्यांनी दाबून ठेवलं तर ज्युनिअर कॉलेज शिक्षण उपसंचालकांच्या हाताखाली येतं, नागपूर विभागाचं ऑफिस नागपुरातच आहे, अब्बूंनी नेऊन द्यायचं. धर्मावरून भेदभाव करायचा नाही हे घटनेच्या १५ व्या कलमात आहे आणि आपला धर्म पाळायचा हक्क २५ व्या कलमात, हे नागरिकशास्त्रात मार्कांसाठी पाठ केलं असशील, ते तुझ्यासाठीच लिहिलेलं आहे. आणि तू अठराच्या आतली आहेस, म्हणजे कुणी धमकी दिली, अंगावर आलं, पाठलाग केला तर १०९८ वर, मुलांच्या हेल्पलाइनवर, फोन, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. तिथं फोन करायला घरच्यांची परवानगी लागत नाही.

ग्रुपवरचं जे येतं त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेव, तारखेसकट, आणि रात्री उत्तरं देत बसू नको. रात्री अकराला एका स्टिकरला उत्तर दिलं की बारापर्यंत चाळीस येतात आणि तू एकटी, ते वीस. ट्यूशनच्या सरांना सकाळी दाखव, ग्रुप त्यांचा आहे, जबाबदारी त्यांची आहे.

त्या मॅचवाल्याला मात्र समोरच उत्तर दे. चिडून नको, आवाज न चढवता फक्त विचार, “तुमची म्हणजे कोणाची? नीट सांग नं, मला कळलं नाही.” आणि थांब. तो “गंमत केली” म्हणेल. म्हण, “मला कळली नाही गंमत, समजावून सांग.” आणि परत थांब. असं बोलणारे लोक वाक्य अर्धंच बोलतात, उरलेलं अर्धं समोरच्यानं समजून घेऊन लाजावं असा हिशेब असतो. त्याला ते अर्धं स्वतःच्या तोंडानं पूर्ण करायला लाव. बहुतेकांची जीभ अडखळते.

तुझ्या मैत्रिणीचं आता. ती खाली बघत होती. मला तिच्याबद्दल लिहायचंय कारण मी ती मुलगी होते.

डिसेंबर १९९२ नंतरची गोष्ट, मी दहावीत होती. सुट्ट्यांनंतर शाळा उघडली. माझ्या बाकावर माझ्या शेजारी बसणारी मुलगी मुसलमान होती, पाचवीपासून आम्ही एकत्र, एकमेकींच्या कंपासमधला खोडरबर कुणाचा हेही आम्हाला माहीत नव्हतं. मधल्या सुट्टीत कुणीतरी फळ्यावर तिच्या नावापुढे दोन शब्द लिहिले. आम्ही डबा खाऊन आत आलो, सगळ्यांनी वाचलं. डस्टर टेबलावर होतं, आमच्या बाकापासून चार पावलांवर. मला उठता आलं असतं. मी माझ्या वहीवरच्या समासाच्या रेघा काढत बसली, काढलेल्याच रेघा पुन्हा काढल्या. मग तीच उठली, तिनं फळा पुसला, सगळा, कोपऱ्यातली तारीख आणि सुविचारसुद्धा, हात झटकले आणि येऊन माझ्या शेजारी बसली. आम्ही त्याबद्दल कधीच बोललो नाही. दहावीनंतर ते लोक कामठीला गेले राहायला. मला आजही खडूचा तो वास आला की पोटात कसंतरी होतं.

मला तिच्याबद्दल काही वाईट वाटत नव्हतं, तिचा राग नव्हता, मी फक्त घाबरली होती की उद्या माझंही नाव लिहितील. तुझ्या मैत्रिणीचंही बहुतेक हेच आहे. म्हणून तिला तोडू नको, पण सोडूही नको. तिला बाजूला घे आणि सरळ सांग, “त्या दिवशी तू खाली बघितलंस, मला खूप लागलं.” आणि मग तिला एक काम दे, नेमकं, छोटं. “मी सरांकडे जाईन तेव्हा तू माझ्यासोबत फक्त उभी राहा. बोलू नको काही.” नुसतं “साथ दे” म्हटलं तर माणसाला काय करायचं ते कळत नाही. मला त्या दिवशी कुणी “जा, डस्टर उचल” एवढं म्हटलं असतं नं, मी उचललं असतं असं मला वाटतं.

अम्मीवर चिडू नको. “चुप रह” म्हणणाऱ्या आया भित्र्या नसतात, त्यांनी संचारबंदीत घरात दूध किती उरलं ते मोजलेलं असतं, नवरा गॅरेजवरून यायला अर्धा तास उशीर झाला तर दारात उभं राहिलेलं असतं. तिला म्हण, “अम्मी, मैं लड़ने नहीं जा रही, अर्जी देने जा रही हूँ, आप साथ चलो.” अर्जाला ती सोबत आली तर फार बरं, नाहीतर अब्बू. घरच्यांपासून लपवून यातलं काही करायचं नाही.

भाऊ म्हणतो तसं कॉलेज बदलायचं का? तिथं लॅब चांगली असेल, बारावीचा रिझल्ट चांगला असेल, घरापासून जवळ असेल तर जरूर बदल, त्यात कमीपणा काहीच नाही. पण फक्त यांच्यामुळे बदलू नको, निदान या वर्षी तरी नको. आणि जर सकाळी निघायच्या वेळी रोज पोट दुखत असेल, झोप लागत नसेल, अभ्यासाचं पान पुढे सरकत नसेल, हे तू लिहिलं नाहीस पण या वयात मुली लिहित नाहीत, तर टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, १४४१६ वर बोल, मराठीत बोलतात, फुकट आहे. तसं झालं तर कॉलेज बदलायचा निर्णयही वेगळा होईल, मग तिथं टिकून दाखवायचा हट्ट मी धरणार नाही.

डबा चालू ठेव. सांबारवडी असेल त्या दिवशी अम्मीला दोन जास्त मागून घे, झाकण उघडून बाकावर ठेव आणि खात बस, कुणाला आग्रह करू नको. सांबारवडीचा वास नागपूरच्या पोट्ट्यांना किती दिवस सहन होतो ते मला माहीत आहे.

१९ फेब्रुवारीला अजून तीन आठवडे आहेत. भाषण सहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नको, शाह शरीफपासून सुरू कर आणि खाफीखानाचं शेवटी ठेव. पहिलं पान लिहून झालं की मला पाठव, मी बघून देते. अर्ज मात्र सोमवारीच. नाव पूर्ण लिहायचं, अब्बूंच्या नावासकट, आडनावासकट, नुसतं इनिशियल नको. ऑफिसच्या खिडकीतले बाबू म्हणतील, ठेवून जा, बघतो. ठेवून यायचं नाही. शिक्का मारलेली झेरॉक्स हातात पडेपर्यंत तिथंच उभी राहा.